जाहीर करण्याजोगं काही

आमच्या घरात कायदा मी वाचतो आणि बायको मोडते, असा नातेवाइकांचा समज आहे. तो खोटा आहे. ती मोडत नाही. तिला तो पटत नाही, एवढंच.

२०१८ च्या मे महिन्यात भाच्याकडे आठ दिवस दुबईला जायचं ठरलं. तिने माळ्यावरून बॅगा काढल्या आणि मी २०१६ चे बॅगेज रूल्स. रात्री जेवणं झाल्यावर, भाचा फोनवर असतानाच, मी त्यांचं जाहीर वाचन केलं. परतताना माणशी ५० हजार रुपयांपर्यंतचं सामान ड्युटी-फ्री. अंगावरच्या, वापरलेल्या वैयक्तिक वस्तू हिशेबातच नाहीत.

"म्हणजे दोघांचे मिळून एक लाख," ती म्हणाली.

"मिळून नाही. नवराबायकोची सवलत एकत्र करता येत नाही. ६० हजारांची एक वस्तू आणली, तर वरच्या १० हजारांवर ड्युटी."

"सप्तपदी झालीय म्हणावं त्यांना. बरं, सोनं?"

"बाईला ४० ग्रॅम, तेही एक लाखाच्या आत. पुरुषाला सगळंच निम्मं. पण वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहिलेल्यालाच. आठ दिवसांच्या पाहुण्याला शून्य."

"मग राहते की वर्षभर," ती म्हणाली. फोनवरचा भाचा एकदम गप्प झाला.

बातमी बिल्डिंगभर पसरली. मी कधीही न घेणारा माणूस. पण शेजारच्या आप्पांना माझ्या वाट्याची दोन लिटर दारू वाया जाणार या विचाराने झोप येईना. "आणि वहिनींचेही दोन लिटर बसतात हं," असं त्यांनी जिन्यात हळूच सांगितलं. मेव्हण्याला टीव्ही हवा होता. चपटे टीव्ही ऑगस्ट २०१३ पासून सवलतीतून बाहेर काढलेत, ३५ टक्के ड्युटी आणि तिच्यावर अधिभार धरून साडेअडतीस टक्के पडतात, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "खोक्यातून काढून चादरीत गुंडाळून आणा." चादरीत गुंडाळला म्हणून टीव्हीची गादी होत नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

माझी खरी काळजी पाटल्यांची होती. बायकोच्या हातात लग्नातल्या पाटल्या. त्या घालून ती दुबईच्या सोनेबाजारातून फिरणार आणि परत येणार. त्या इथूनच गेल्या होत्या, हे सिद्ध कसं करायचं? जाताना विमानतळावरच कस्टम्सकडून तसा दाखला घेता येतो. पण पहाटे तीन वाजता ती म्हणाली, "माझ्या आईने घातलेल्या पाटल्यांना सरकारचा दाखला? चला पुढे." मी काही बोललो नाही. लग्नाच्या अल्बममधला १९८९ चा एक फोटो मी आधीच पाकिटात घालून ठेवला होता. त्यात तिचे दोन्ही हात स्वच्छ दिसतात.

मुंबईला उतरलो. समोर दोन वाटा: जाहीर करण्याजोगं काही नसेल त्यांनी हिरवी धरायची, असेल त्यांनी लाल. हिरव्या वाटेने जायला मन साफ असून भागत नाही, चेहराही साफ लागतो. माझा चेहरा बँकेत स्वतःचे पैसे काढतानाही चोरासारखा होतो. मी लाल वाट धरली. मागून बायकोचा सुस्कारा ऐकू आला.

टेबलामागे मराठी बाई होत्या. मी यादी पुढे केली: खजूर, केशर, पिस्ते, अत्तर, एक इस्त्री, आप्पांची बाटली. प्रत्येकाला पावती टाचलेली, दिरहमचे रुपये केलेले, एकूण २३ हजार ४१०.

"काका, हे दोघांचं?"

"दोघांचं. पण एकत्र केलेलं नाही."

"मग लाल वाटेने कशाला आलात?"

मी बायकोच्या हातांकडे बोट दाखवलं आणि फोटो काढून दिला. बाईंनी फोटो पाहिला, पाटल्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे, पुन्हा माझ्याकडे.

"पाटल्या त्याच आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे शेजारी उभे आहेत ते कोण?"

"मीच," मी म्हणालो.

बाईंचा विश्वास बसलेला दिसला नाही. त्या आणखी काही विचारणार, तेवढ्यात बायको पुढे झाली.

"असू द्या हो," ती म्हणाली. "वापरलेली वस्तू आहे. ड्युटी नाही लागत."