मेव्हण्याला जामीन राहावे काय? एक शास्त्रशुद्ध पद्धत

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आपल्या जिल्ह्याचं ब्रीद. डोळे झाकून उडी मारणाऱ्यांना ते पुरतं. पण मानवतचा मेव्हणा ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन मागायला दारात उभा असेल, तर परिणामवाद वापरावा.

कृती बरी की वाईट, हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं. जेरेमी बेंथम या इंग्रजाने 1789 साली सुखदुःख मोजायची सात मापंही देऊन ठेवली आहेत: तीव्रता, मुदत, खात्री, जवळीक, सुपीकता, शुद्धता, व्याप्ती. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर दोन रकाने आखा, 'सही' आणि 'नाही'. मेव्हण्याला चहा द्या, वेळ लागतो.

'नाही' म्हटलं तर बायकोचा अबोला. तीव्रता मध्यम, मुदत दिवाळीपर्यंत, नंतर प्रत्येक भांडणात व्याजासकट. 'सही' केली आणि हप्ते थकले, तर नोटीस तुमच्या नावाने. तीव्रता जबर, पण निदान रक्कम छापलेली असते.

खात्रीचं माप अवघड. हप्ता सोयाबीनवर, सोयाबीन पावसावर आणि मृग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. 1972 पासून कृषी विद्यापीठ आपल्या परभणीतच आहे, पण तिथे बियाण्याची उगवणक्षमता कळते, मेव्हण्याची नाही.

सुपीकता म्हणजे एका परिणामातून त्याच जातीचे आणखी किती निघतात ते. एक सही झाली, की धाकटा मेव्हणा सेलूहून निघालाच म्हणून समजा.

व्याप्ती मोजताना प्रत्येक माणूस एकच धरायचा, कुणी एकापेक्षा जास्त नाही, असा या पंथाचा दंडक आहे. सासूबाईंना एक धरून बघा.

इथे एखादा शेजारी टिळकांना मध्ये आणेल. नुसत्या बाह्य परिणामांवरून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी बघावी, असं त्यांनी 'गीतारहस्या'त (1915) बजावलं आहे. मान्य. मेव्हण्याची बुद्धी शुद्धच असते. वसुलीवाले ट्रॅक्टर ओढून नेताना ती तपासत नाहीत, एवढंच.

बेरीज नकोशी येत असेल, तर खात्रीचा आकडा थोडा सरकवा. सगळेच सरकवतात. आणि स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटू लागली, तर बेरीज सोडून कागदपत्रं काढा: आधार, पॅन, ताजा सातबारा, दोन फोटो. सही केलेला कोरा चेकही मागितला, तर त्यासाठी बेंथमकडे माप नाही.