झपाटलेला हंगाम

महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ (2004) या चित्रपटात वाड्यातले अतृप्त आत्मे धुमाकूळ घालतात, तर ‘स्त्री’ (2018) या हिंदी चित्रपटात चंदेरीचे पुरुष उत्सवाच्या चार रात्रींत अंगावरचे कपडे मागे टाकून गायब होतात. कारण भयविनोदपटाला, म्हणजे घाबरवता घाबरवता हसवणाऱ्या चित्रपटाला, आडगाव आणि त्यात सुटलेले भूत लागतेच. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांत मात्र दसरा-दिवाळीनंतर कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि दारांवरची कुलपे तेवढी उरतात, आणि त्यासाठी एकाही हडळीला तसदी घ्यावी लागत नाही. ते काम मुकादम, म्हणजे साखर कारखान्याला ऊसतोड मजूर पुरवणारा मध्यस्थ, पार पाडतो. तो आधी ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, हातावर ठेवतो आणि ती फिटेपर्यंत मानगूट सोडत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ही येथील मोजदाद असून, अर्ध्या माणसाची अशी कल्पना पटकथाकारांना सहसा सुचत नाही. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, पण उचलीवर त्याची मात्रा चालत नाही. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो; गाळप हंगाम काही महिने चालतो.