मॅनेजमेंट इंजिन साहेबांस, गोरखपूरहून

माननीय मॅनेजमेंट इंजिन साहेब,
मुक्काम चिपसेट, पोस्ट मदरबोर्ड
यांस,

पत्त्याचा घोळ नको म्हणून आधीच खुलासा. हे पत्र उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरहून नव्हे, जबलपुरातल्या गोरखपूरहून आहे. या वस्तीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं एक छोटं दुकान आहे. पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात राहिलेल्या मराठी घरातल्या एक बाई ते चालवतात. गिऱ्हाइकं त्यांना दीदी म्हणतात. समग्र आयडी, खसऱ्याची नक्कल, कॉलेजचे प्रवेश, हायकोर्टात लागणारी शपथपत्रं, सगळं एकाच कॉम्प्युटरमधून जातं. हा कॉम्प्युटर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून आलेला. कुठल्याशा मोठ्या कंपनीने लीज संपल्यावर काढलेला माल, पुढच्या बाजूला इंटेलच्या ‘व्हीप्रो’चं स्टिकर.

त्या स्टिकरच्या आड आपला मुक्काम आहे, हे दीदींना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. पुण्याच्या भाच्याने फोनवरून इंटेलचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवायला लावलं आणि स्क्रीनवर निकाल उमटला की यंत्र असुरक्षित आहे. फर्मवेअर 8.1.40.1416.

साहेब, आपली योग्यता थोर. आपण म्हणजे इंटेलने चिपसेटमध्ये बसवलेला कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर. आपल्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी. कॉम्प्युटर बंद केला तरी पिनमध्ये वीज असेपर्यंत आपण जागे. मालकाच्या मेमरीत डोकावायची मुभा आपल्याला आहे, मालकाला मात्र आपल्या खोलीत शिरता येत नाही. विंडोजला आपला पत्ता नाही, अँटिव्हायरसला तर नाहीच. आपल्या अलीकडच्या अवतारांमध्ये ‘मिनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ती रचणारे अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना ही बातमी नीटशी कळली 2017 मध्ये, तीही बाहेरून. तेव्हा त्यांनी इंटेलला खुलं पत्रच लिहिलं: परवान्याप्रमाणे तुमचं काही चुकलं नाही, पण सौजन्य म्हणून कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, अशा अर्थाचं. प्राध्यापक सभ्य माणूस. गोरखपूरकडून तेवढ्या सभ्यतेची अपेक्षा ठेवू नये.

कारण आपला 1 मे 2017 चा पराक्रम. त्या दिवशी इंटेलने जाहीर केलं की आपल्या ‘अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी’त, म्हणजे एएमटीत, ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ची, म्हणजे नसलेले अधिकार मिळवू देणारी, गंभीर त्रुटी आहे, आवृत्ती 6 पासून 11.6 पर्यंत सगळ्यांत. एएमटी म्हणजे कंपनीच्या आयटी विभागाने मुंबईत बसून नागपूरचा कॉम्प्युटर चालू करावा, त्याचा स्क्रीन पाहावा, विंडोज नव्याने टाकावं, यासाठीची सोय. सोय उत्तम. तिला पासवर्डही होता. फक्त तो तपासताना आपण दोन मजकुरांची तुलना किती अक्षरांपर्यंत करायची, हे समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवर ठरवत होता. गेटवरच्या चौकीदाराने पाहुणा जेवढी अक्षरं बोलेल तेवढीच यादीशी ताडून पाहावीत, तसं. पाहुणा गप्प राहिला की ताडायला शून्य अक्षरं. शून्याशी शून्य जुळलं, या आत! एम्बेडी या कंपनीच्या मॅक्सिम माल्युटिन यांना हे सापडलं. ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि रिकामं उत्तर, एवढ्यावर आपण किल्ल्यांचा जुडगा हातात देत होता. जगातल्या कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं!

आणि ज्या यंत्रात एएमटी सुरूच केलेली नव्हती तिथेही आपण निराश केलं नाहीत. विंडोजमधली ‘लोकल मॅनेजमेंट सर्व्हिस’ ही आपली मध्यस्थ. तिच्यामार्फत त्याच यंत्रावरचा साधा, बिनअधिकाराचा वापरकर्ता एएमटी सुरू करून वरचे अधिकार मिळवू शकत होता. म्हणजे फॉर्म भरायला टेबलाशी बसलेला मुलगाही, मनात आलं तर.

चुका होतात. त्यावर दीदींचा राग नाही. रागाचा विषय पुढे आहे.

या त्रुटीची दुरुस्ती तयार आहे. दीदींच्या यंत्रासारख्या, तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरच्या यंत्रांसाठी तिचा क्रमांकही ठरलेला आहे: 8.1.71.3608. शेवटचा चार आकडी बिल्ड नंबर 3 ने सुरू झाला की समजावं, दुरुस्ती झाली. दीदींचा 1 ने सुरू होतो. इतकं सरळ. पण इंटेल ही दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. ती कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला देते. त्या कंपनीने ती आपल्या मॉडेलवर तपासायची, पॅकेज बांधायचं आणि वेबसाइटवर ठेवायचं. दीदींनी यंत्रामागचा सर्व्हिस टॅग चष्मा सरसावून वाचला, त्या कंपनीच्या (नाव सोडून देऊ) वेबसाइटवर भरला. यादी उघडली. तिथलं सगळ्यात नवीन बायोसचं अपडेट ही त्रुटी जाहीर होण्याच्या कितीतरी आधीचं. मग हेल्पलाइन. बरीच धून ऐकवून झाल्यावर पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, “मॅडम, ये प्रॉडक्ट एंड ऑफ लाइफ है. आप नया ले लीजिए.”

एंड ऑफ लाइफ? यंत्र रोज सकाळी पहिल्या बटणात सुरू होतं. त्याच्यावर पोरांच्या फिया भरल्या जातात, शेतकऱ्यांचे सातबारे (इथले खसरे) निघतात, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले जातात. मेलं काय आहे? मेला आहे तो फक्त विकणाऱ्याचा त्याच्यातला रस. दुरुस्ती लिहून झाली, तिला क्रमांक पडला, बातमीत ‘पॅच उपलब्ध’ म्हणून छापूनही आलं आणि ज्याच्या टेबलावर भोक आहे त्याच्यापर्यंत ती यायची वाट कुणीतरी गुपचूप बंद केली. भोक तुमचं, विक्री तुमची, आणि नवं यंत्र घ्यायचं दीदींनी! असल्या हिशेबाला गोरखपूरच्या बाजारात जो शब्द आहे तो या पत्रात लिहिण्यासारखा नाही.

बाकीच्या तक्रारी एकेका ओळीत. नोव्हेंबर 2017 मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजचे मार्क येर्मोलोव आणि मॅक्सिम गोर्याची यांच्या शोधामुळे आपल्या आवृत्ती 11 च्या गाभ्यातली भोकं इंटेलला मान्य करावी लागली. जानेवारी 2018 मध्ये एफ-सिक्युअरने दाखवून दिलं की आपल्या सेटिंगचा मूळ पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ बहुतेक ठिकाणी कुणी बदललेलाच नसतो. आपले सर्व्हरमधले चुलतबंधूही खानदानाला साजेसे: एचपीच्या सर्व्हरमधल्या ‘आयलो 4’ला एका हेडरमध्ये 29 वेळा ‘ए’ पाठवला की तो दार उघडत असे.

तरी एक गोष्ट एका ओळीत मावत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये त्याच संशोधकांना आपल्या पोटात एक बिट सापडला. तो लावला की आपण कॉम्प्युटर सुरू करून देता आणि निमूट बाजूला होता. तो होता अमेरिकी सरकारच्या ‘हाय अ‍ॅशुरन्स प्लॅटफॉर्म’ या कार्यक्रमासाठी. इंटेलनेही ते नाकारलं नाही. म्हणजे आपल्याला झोपवता येतं! मेन्यूत त्याची ओळ मात्र घातली नाही. अमेरिकेच्या सरकारला जी सावधगिरी परवडते ती शपथपत्रं छापणाऱ्या दुकानाला का नको, याचं उत्तर आपण द्यावं ही विनंती. उत्तर रिकामं पाठवू नये.

तोवर दुकानात काय झालं ते कळवणं कर्तव्य आहे. सुरू होतानाच कंट्रोल आणि पी दाबून दीदी आपल्या मेन्यूत शिरल्या. पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च होता, तो बदलला. लीजवाल्या जुन्या कंपनीने लावलेली एएमटीची व्यवस्था तशीच पडून होती. ती ‘अनप्रोव्हिजन’ करून पुसली आणि बायोसमध्ये एएमटी बंद केली. विंडोजमधली आपली मध्यस्थ सर्व्हिस थांबवून ‘डिसेबल’ केली. पोर्ट 16992 ते 16995, शिवाय 623 आणि 664 राउटरवरच अडवले. विंडोजच्या फायरवॉलचा इथे उपयोग नाही, आपल्या नावाचं पाकीट विंडोजपर्यंत पोचण्याआधीच आपण उचलता. शेवटी केबल मदरबोर्डच्या इंटेल पोर्टमधून काढून दुसऱ्या बनावटीच्या साध्या नेटवर्क कार्डात खोचली, कारण त्या कार्डावरून आपल्याला बोलता येत नाही. मढाताल भागातल्या एका कारागिराने चिपला क्लिप लावून ‘एमई-क्लीनर’ या प्रोग्रामने आपली छाटणी करून देतो असं सुचवलं. दीदींनी नको म्हटलं. फ्लॅश लिहिताना लाइट गेली तर बोर्ड दगड होतो, आणि राज्याच्या वीज कंपन्यांचं शक्ती भवन याच शहरात असलं तरी दीदींचा यूपीएसची बॅटरी बदलेपर्यंत कशावरच भरवसा नाही.

हे सगळं करताना एक गोष्ट लक्षात आली, साहेब, आणि रागाचा पारा जरा उतरला. आपल्याला तरी कुठे काय विचारलं जातं? ज्यावर योग्य सही नाही असं एक पानही आपण स्वतःत लिहून घेऊ शकत नाही. दीदींनी बरं करायचं म्हटलं तरी आपण त्यांच्या हातून औषध घेणार नाही, आणि ज्यांच्या हातून घ्याल त्यांनी आपलं नाव केव्हाच रजिस्टरमधून खोडलं आहे. त्या दुकानात आपल्याबद्दल चांगला शब्द काढणाऱ्या दीदी एकट्याच. बोर्ड भंगारात देऊन टाक, असं भाचा म्हणाला. त्या म्हणाल्या, “चालतंय की अजून.”

तेव्हा कृपा करून 8.1.71.3608 कुठल्या कपाटात पडून आहे, याची आपल्या वरिष्ठांकडे चौकशी करावी. टपालाने पाठवलं तरी चालेल. दुकान सकाळी दहाला उघडतं.

आपला,
दीदींच्या दुकानाचा पत्रलेखनिक
गोरखपूर, जबलपूर

ता. क. दुकानातल्या दुसऱ्या, जरा नव्या कॉम्प्युटरवर तपासणीचं सॉफ्टवेअर आज चालवलं. त्याच्यासाठी नोव्हेंबर 2017 च्या भोकांचं अपडेट त्याच कंपनीच्या वेबसाइटवर मिळालं. बॅटरी बदलून झाली की रविवारी टाकणार आहेत.