निदान, चहा निवायच्या आत

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. माणसं घरोघरी फिरली, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि निष्कर्ष काढला, की १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आहे. एवढा खटाटोप कशाला? आमच्या स्टाफरूममध्ये चहा निवायच्या आत काम उरकलं असतं आणि आकडा शून्य आला असता.

आमच्याकडे रोग तीनच. पोरगं गप्प बसलं, तर माज. पेपर कोरा ठेवला, तर नाटकं. चार दिवस आलंच नाही, तर मोबाइल. उपचार एकच: ‘उद्या पालकांना घेऊन ये.’

परवा नववीतल्या एका मुलीचा तोंडी परीक्षेत श्वास अडकायला लागला, घाम फुटला. ‘सर, बाहेर जाऊ?’ सरांनी घड्याळ पाहिलं. ‘दहा मिनिटांत मधली सुट्टी आहे. तेव्हा घाबर.’ त्याच वर्गात हात मोडलेला एक मुलगा आहे. त्याचं दप्तर मॅडम स्वतः उचलतात, लेखनिकाचा अर्जही त्यांनीच भरला. तात्पर्य, मुलांनो, आजारी पडायचंच तर दिसेल असं पडा.

कायदा मात्र आम्ही काटेकोर पाळतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. म्हणून छडी कपाटात गेली. ‘डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या?’ हा छळ नव्हे, प्रकृतीची चौकशी आहे.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमा. आम्ही तातडीने पी.टी.च्या सरांना नेमलं. पात्रता: आवाज. खेळाच्या साहित्याच्या खोलीवर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटीही लागली. रजिस्टरात अजून एकही नोंद नाही, म्हणजे शाळेत सगळं आलबेल. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सूचनाफलकावर आहे. सध्या त्यावर फी थकल्याची नोटीस आहे, एवढंच.

‘तेव्हा घाबर’वाल्या सरांना हल्ली झोप लागत नाही. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती आणि वर्गात साठ पोरं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. ‘बीपीची आहे,’ असं सांगून ते घेतात. खरं सांगितलं तर स्टाफरूम काय निदान करील, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?