रोम येथील दप्तरतपासणी

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांचे चरणी, धाकट्या बंधूचा सपत्नीक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

चिरंजीवास म्युनिकच्या कचेरीतून रजा न मिळाल्यामुळे रोमदर्शनाची कामगिरी आम्हां उभयतांवरच येऊन पडली. आणि सारी हयात महसूल खात्यात अव्वल कारकुनी केलेल्या इसमाच्या हवाली एखादे प्राचीन नगर केले असता तो त्याच्या शोभेआधी त्याची चतुःसीमा न्याहाळू लागतो, हे आपण जाणताच. प्रथम तक्रार नोंदवितो. हे शहर सात टेकड्यांवर वसले, अशी दवंडी गेली दोन हजार वर्षे जगभर पिटली जात आहे. आणि जुनी गढी, सोनार आळी, डिंगर आळी असे एकूण नऊ टेक पायांखाली बाळगणाऱ्या आपल्या नाशिकची, ‘नव टेकांवर वसविले’ ही म्हण असूनही, द्वारका चौकाच्या पलीकडे कोणी दखल घेत नाही. सौ.चे म्हणणे असे की, हा मुद्दा मी कॅपिटोलाइन टेकडी चढताना दम लागल्यावरच का काढला.

वाहतुकीच्या बाबतीत मात्र तिने नाशिकची अब्रू राखली. येथील मोटारी माणूस दिसताच वेग वाढवितात असा बोभाटा आहे. परंतु मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे एकमेकांच्या अंगावर धावून जातात त्या द्वारका चौकात जिने तीस वर्षे भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडला, ती नुसता तळहात उभारून अशी काही चालू लागली की, दोन इटालियन स्कूटरवाले तिला वाट देऊन वर नमस्कार करते झाले.

कलोसियमविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची छायाचित्रे आपण दिनदर्शिकेवर पाहिलीच आहेत. इ. स. 80 मध्ये टायटस बादशहाने उद्घाटिलेल्या या वास्तूची एक बाजू ढासळलेली दिसते ती भूकंपाने. पण ढासळलेला दगड पुढे वाडे आणि देवळे बांधण्यास शतकानुशतके गाड्या भरभरून गेला, आणि त्याचे परवाने खुद्द पोपमहाराजांच्या दरबारातून निघत. गौण खनिजाची प्रकरणे हाताळलेल्या मला यात अपरिचित असे काही वाटले नाही.

माझे पाय खिळले ते फोरममध्ये, टॅब्युलेरियमसमोर. सौ. सॅटर्नच्या देवळाचे खांब टिपत असता मी त्या प्रचंड भिंतीकडे हात जोडून उभा होतो, कारण इ. स. पूर्व 78 च्या सुमाराची ही इमारत म्हणजे रोमन राज्याचा दप्तरखाना, असे मानतात. इमारत शाबूत, तिच्या डोक्यावर नगरपालिकेचा वाडा शाबूत, आणि दप्तर तेवढे बेपत्ता! आपल्याकडे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने याहून शहाणपणा केला. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात त्याने अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांस घेतलेले शेत, ते गावाच्या वायव्य शिवेवर असल्याच्या तपशिलासह, दगडातच कोरून ठेवले. त्यास ना वाळवी लागली, ना कोणी नक्कलफी मागितली. हे सर्व मी सौ.स सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, “पांडवलेणीच पाहायची होती, तर नाक्यावरून रिक्षा नसती का मिळाली?”

खरे आश्चर्य पँथिऑनचे. 43 मीटर व्यासाचा तो घुमट, लोखंडी सळई न घालता ओतलेला, मध्यभागी आकाशास उघडा. पाऊस थेट आत पडतो आणि उताराच्या फरशीतील छिद्रांवाटे निघून जातो. परंतु माझी नजर दर्शनी पट्टीवर. तेथे ठळक अक्षरांत बांधणारा म्हणून मार्कस अग्रिपाचे नाव. आणि अग्रिपाची इमारत तर आगीत केव्हाच गेलेली, सध्याची उभी केली हेड्रियनने, 126 च्या सुमारास. म्हणजे मिळकत नवी, कबजा नवा, आणि खाते जुन्याच नावे! जवळपास त्याच काळात आपल्या गौतमीपुत्र सातकर्णीने काय केले पाहा: नहपानास जिंकून त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला छाप मारविला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या 13,000 हून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य अशी फेरछापाची आहेत. इतका तातडीचा फेरफार मी नोकरीत पाहिला नाही.

ट्रेव्हीच्या कारंज्याचे पाणीही पुन्हा त्याच अग्रिपाने इ. स. पूर्व 19 मध्ये आणलेल्या कालव्याचे. लोक पाठमोरे होऊन खांद्यावरून नाणे टाकतात, म्हणजे रोमला पुनरागमन घडते, असा समज. सौ.ने रामकुंडावर टाकावे तसे समोर तोंड करून, डोळे मिटून टाकले आणि “सुखरूप घरी पोहोचव” एवढेच मागितले. नंतर कॉफी घेतली. ती उभ्याने प्यायल्यास एक दर, बसून प्यायल्यास त्याच्या दुपटीहून अधिक. बसण्यावरील ही आकारणी मला नामंजूर असल्याने आम्ही उभ्यानेच प्यालो, आणि मग फुकटच्या पायरीवर बसून सौ.ने माझ्याशी अबोला धरला.

आता कामाचे. द्वारकेच्या घराची मिळकतपत्रिका अद्याप कैलासवासी तात्यांच्याच नावे असून आपण दर दिवाळीस मला वारसनोंदीची आठवण करून देता. याउपर कृपया पँथिऑनचा दाखला विचारात घ्यावा: सम्राटाने घर नवे बांधले, तरी नाव जुनेच राहू दिले, आणि काही बिघडले नाही. सौ. मात्र शेजारून लिहावयास सांगते की, हेड्रियनला मूलबाळ नव्हते म्हणून त्याचे भागले. आपल्याला चार पुतणे आहेत, तेव्हा अर्ज तयार करून ठेवावा, हे येताच सही करतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.