फ्योर्ड, शिवसागर आणि महाळुंग्याची दुसरी पाळी

हिमनदीने खोदलेल्या आणि पुढे समुद्राने भरलेल्या लांब, अरुंद, उभ्या कड्यांच्या दरीला भूगोलात फ्योर्ड म्हणतात. हा शब्द नॉर्वेतला असून त्या देशातील सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरहून अधिक लांब आणि सर्वांत खोल जागी सुमारे १,३०० मीटर खोल आहे. अशा फ्योर्डात वाटाड्याबरोबर कयाक वल्हवत जाणे, रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकणे आणि तीन-चार दिवस ओले मोजे घालून निसर्गाशी एकरूप होणे, हा जगभर मान्यता पावलेला सुखाचा एक प्रकार आहे. सुखाची व्याख्या येथे थोडी सैल धरावी लागते.

महाराष्ट्रात फ्योर्ड नाही, कारण सह्याद्रीच्या बेसाल्टावर हिमनदीने कधी हात चालवला नाही. कोकणातील दाभोळ, जयगड या खाड्या दिसायला त्याच कुळातल्या वाटल्या, तरी त्या नद्यांनी कोरलेल्या आणि समुद्र चढल्यावर बुडालेल्या दऱ्या असून त्यांना रिया अशी वेगळी संज्ञा आहे. तिसरा प्रकार पाठ्यपुस्तकात नसला तरी सातारा जिल्ह्यात आहे, आणि तो म्हणजे नदीने खोदलेली व सरकारने भरलेली दरी. कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधल्यावर मागे जो शिवसागर जलाशय साठला, तो महाबळेश्वरच्या पायथ्याशी तापोळ्यापर्यंत पसरला आणि सोळशी व कांदाटीच्या खोऱ्यांत त्याचे फाटे शिरले. तापोळ्यास मिनी काश्मीर म्हणण्याची प्रथा आहे. पाणी आणि डोंगर एका छायाचित्रात मावले की मराठी माणूस तेथे काश्मीर नेऊन ठेवतो, त्यामुळे फ्योर्डाची पाटी लावण्यास जागा शिल्लक राहिलेली नाही.

या जलाशयावर दोन रात्रींच्या मोहिमेस निघालेले पथक महाळुंग्याचे होते. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एक नाही, ही बाब प्रवासशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एक बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारी आहे, एक आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ, आणि येथे अभिप्रेत असलेले महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यात, तळेगाव-चाकण रस्त्यावर, कारखान्यांच्या मधोमध आहे. महाळुंग हे मूळचे लिंबाच्या जातीतील एक मोठे, जाड सालीचे फळ असून कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात ते असते. गावाच्या हातात सध्या सुटे भाग असतात. भाड्याने ठरवलेली गाडी ठरल्या वेळी, चालकाच्या शब्दांत सांगायचे तर ‘लोकेशनवरच’, हजर झाली, परंतु बालेवाडीजवळच्या महाळुंग्यात. आणि दुसरी पाळी संपवून गेटबाहेर सामानासह उभे असलेले आठ जण पहिला दीड तास चहाच्या टपरीवर तळ ठोकून होते. तळ ठोकण्याचा सराव तेथेच झाला, असे नंतर सांगण्यात आले.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. विजेची मागणी आठवडाभर विभागली जावी म्हणून औद्योगिक सुट्या निरनिराळ्या वारी ठेवण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिचा एक उपलाभ असा की कामगाराला पर्यटनस्थळ रिकामे सापडते, बायकामुले मात्र शाळेत आणि कामावर असतात. त्या गुरुवारच्या मागेपुढे एकेक रजा जोडून मेंटेनन्सचे चार, क्वालिटीचे एक, खरेदी विभागाचे एक, या सर्व प्रकारास ‘टीम बिल्डिंग’ असे नाव देऊन मंजुरी मिळवणारे एचआरचे एक, आणि निवृत्तीस वर्ष राहिलेले, सर्वांनी काका म्हणून मानलेले स्टोअरकीपर, असे हे पथक जमले होते.

कयाक ही मूळची आर्क्टिकमधील इन्युइट लोकांची शिकारीची नाव होय. वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत, आणि शिकाऱ्याचा अंगरखा बसण्याच्या भोकाच्या कडेला असा आवळून बांधीत की नाव उलटली तरी आत पाणी जाऊ नये व माणसाने वल्ह्याच्या एका फटक्यासरशी पुन्हा सरळ व्हावे. तापोळ्याच्या काठावर ठेवलेल्या कयाक प्लॅस्टिकच्या होत्या. क्वालिटीच्या सद्गृहस्थांनी त्या उलट्या करून सांधा तपासला, कडेवर नख फिरवले आणि हे रोटोमोल्डिंगचे काम आहे, असा निर्वाळा दिला. म्हणजे पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालून तो साचा तापवत सर्व बाजूंनी फिरवायचा, आणि वितळलेले प्लॅस्टिक आतल्या भिंतीला सारखे बसू द्यायचे. गच्चीवरची पाण्याची टाकीही याच रीतीने घडते. आपण टाकीच्या चुलत बहिणीत बसून धरणात उतरणार आहोत, हे कळल्यावर मेंटेनन्सच्या चौघांचा धीर वाढला, काकांचा कमी झाला. टाकीत पाणी आत असते, एवढेच ते म्हणाले.

वाटाड्या जवळच्या गावचा, पंचविशीतला, मोजके बोलणारा होता. निघण्यापूर्वी त्याने दिलेल्या सूचना, म्हणजे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा, एकमेकांच्या नजरेआड जाऊ नका, वारा सुटला तर काठ धरा, या कारखान्यातल्या पाळी सुरू होतानाच्या सेफ्टीच्या बोलण्याहून फारशा वेगळ्या नसल्याने पथकाने त्या तितक्याच लक्षपूर्वक ऐकल्या, म्हणजे ऐकल्या नाहीत. दोघांच्या कयाकमध्ये मागच्याने दिशा सांभाळायची आणि पुढच्याने लय धरायची, असा संकेत आहे; खरेदी विभाग पुढे आणि क्वालिटी मागे बसल्यामुळे त्या नावेत पहिल्याने दिलेला प्रत्येक फटका दुसऱ्याने नाकारला आणि नाव अर्धा तास एका वर्तुळात फिरत राहिली. वाटाड्याने शेवटी जवळ येऊन सांगितले, “साहेब, वल्हं पाण्यात घालायचं असतं. हवेत घालून नाव जात न्हाई.” एवढ्या थोडक्या शब्दांत प्रशिक्षण देता येते, याची नोंद एचआरने घेतली की नाही हे कळू शकले नाही.

आता खऱ्या फ्योर्डाकडे एकदा पाहणे आवश्यक आहे. न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य टोकाला डाउटफुल साउंड नावाचा फ्योर्ड असून कयाक आणि तंबूच्या अनेक दिवसांच्या सफरींसाठी तो प्रसिद्ध आहे. १७७० साली कॅप्टन जेम्स कुकने त्याच्या तोंडाशी येऊन, आत शिरलो तर वारा बाहेर पडू देईल की नाही, या शंकेने त्यास शंकेचे बंदर असे नाव दिले आणि आत न जाता तो पुढे गेला. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला हीच शंका येते. कुकचा शहाणपणा मात्र थोड्यांना लाभतो. त्या प्रदेशात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, जो महाबळेश्वरकरांना परका वाटणार नाही, आणि चावऱ्या माश्यांचे थवे असतात. माणसांनी या सुंदर जागी फार काळ रेंगाळू नये म्हणून देवीने त्या सोडल्या, अशी माओरी लोकांची कथा आहे. शिवसागराच्या काठी हे काम शनिवार-रविवारच्या मुक्कामांवर ध्वनिवर्धक करतात. गुरुवारी ते बंद होते.

परंतु खरे साम्य पाण्याच्या प्रवासात आहे. डाउटफुल साउंडच्या पूर्वेला मानापुरी तळे आहे. त्याचे पाणी डोंगराखालच्या भूमिगत वीजगृहातून नेऊन सुमारे १० किलोमीटरच्या बोगद्याने थेट फ्योर्डाच्या टोकाशी सोडतात, आणि तेथे हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर वेगळा थर करून राहते. कोयनेचेही नेमके तसेच आहे. नदी स्वभावाने पूर्वेची, कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाणारी. परंतु शिवसागराच्या साठ्यातील दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे वळवण्याची मुभा आहे. तेथून ते वाशिष्ठीत पडते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे आधी सांगितलेल्या रियात, जाते. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प मुख्यतः मागणी चढलेल्या वेळी चालवला जातो. तात्पर्य, महाळुंग्याचे पथक ज्यावर निसर्ग म्हणून तरंगत होते, तो त्यांच्याच यंत्रांसाठी राखून ठेवलेला कच्चा माल होता, आणि स्टोअरकीपर काकांना हे समजावून सांगितल्यावर ते प्रथमच त्या जलाशयाकडे आपुलकीने पाहू लागले. १०५ टीएमसीचा स्टॉक, एकही रॅक नाही, आणि जूनपर्यंत पुरवायचा, ही गोष्ट त्यांना मनापासून आवडली.

मानापुरीची पातळी वाढवून काठ बुडवू नयेत, म्हणून १९७० मध्ये न्यूझीलंडच्या अडीच लाखांहून अधिक नागरिकांनी अर्जावर सह्या केल्या आणि पातळी वाढली नाही. कोयनेच्या खोऱ्यात असा अर्ज फिरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्याने पाणी चुरगळलेल्या एका वळणावर वाटाड्याने वल्हे आडवे धरून खाली दाखवले. “आमचं जुनं गाव हितं. आज्जा सांगायचा, देवळाचा पार दिसायचा उन्हाळ्यात.” काका पुष्कळ वेळ पाण्यात बघत होते. मग म्हणाले, “आमचंबी शेत खालीच आहे. पेंट शॉपच्या.” एवढे बोलून दोघांनीही वल्हवणे सुरू केले, आणि दिवसभरात काकांची नाव प्रथमच सरळ गेली.

मुक्कामाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. पश्चिमेचा तीर कोयना अभयारण्याचा, आता सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाचा, असल्यामुळे तंबू अलीकडच्या काठावर एका शेतात पडले. तोंडाशी गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत, जिला ड्राय बॅग म्हणतात, एचआरने मोबाइल ठेवला होता आणि चिवडा साध्या पिशवीत. खोऱ्यात रेंज नसल्यामुळे कोरडा राहिलेला मोबाइल निरुपयोगी ठरला आणि भिजलेल्या चिवड्याचे रात्री वाटाड्याच्या आईने कांदा घालून थालीपीठ केले. ते पिठलं-भाकरीपेक्षा आधी संपले. रेंजअभावी लाइन थांबल्याचा एकही फोन आला नाही, यावर मेंटेनन्सच्या चौघांचा विश्वास बसेना. लाइन थांबली नसेल ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, कारण तेव्हा पाणी भरलेले असते आणि वारा दुपारपर्यंत शहाण्यासारखा वागतो. पोहता येत असले तरी जॅकेट काढू नये, मोज्यांचे तीन जोड न्यावेत, आणि गाडी ठरवताना महाळुंगे इंगळे, तालुका खेड, असे पूर्ण लिहून द्यावे.