थांबेकरांची येणारी गाडी

कोथरूडपासून वाकडपर्यंत पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत एक तरी थांबेकर असतात. आडनाव मी सोयीसाठी दिलेलं आहे, स्वभाव मात्र पार्किंगमध्ये उभा दिसतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बँकेत किंवा आयटीत बरी नोकरी, दारात दहा वर्षांची डिझेल गाडी आणि डोक्यात येऊ घातलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही. 2020 च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिची बॅटरी 30.2 किलोवॉट-तासांची, म्हणजे लहान, म्हणून ते थांबले. 2024 च्या नोव्हेंबरात महिंद्राने 79 किलोवॉट-तासांपर्यंतची बॅटरी असलेल्या दोन गाड्या आणल्या, त्याही शेजारच्या चाकणला बनणाऱ्या. पण त्या पाच जणांच्या, आणि आई-वडील धरून घरात माणसं सहा. 2025 च्या जूनमध्ये हॅरियर ईव्ही आली, तर पहिल्या लॉटमधली गाडी शहाण्याने घेऊ नये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महिंद्राची सात आसनी आली, तर तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी आपले गुडघे हनुवटीपर्यंत येतात हे सेल्समनला दाखवलं. आता त्यांचा डोळा इलेक्ट्रिक सिएरावर आहे. 1991 मध्ये टेल्कोची पहिली सिएरा आली तेव्हा हे गृहस्थ शाळेत होते आणि त्या गाडीच्या मागच्या भल्यामोठ्या काचेवर त्यांचं जे मन बसलं, ते अजून उठलेलं नाही. त्या गाडीला बाजूचे दरवाजे दोनच होते आणि मागे बसणाऱ्याला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. घरात व्यवहारी म्हणून मिरवणाऱ्या माणसाचं पहिलं प्रेम इतकं अव्यवहारी असावं, हे एक वेळ समजू शकतं. पण नवी सिएराही पाच जणांचीच आहे, हे त्यांना सांगायला कुणी जात नाही.

थांबेकरांना आळशी म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्यांच्याकडे एक्सेलची शीट आहे. तिच्यात गाड्यांची नावं उभी, निकष आडवे आणि शंकास्पद रकाने पिवळे. शोरूममध्ये ते मेजरिंग टेप घेऊन जातात आणि डिकीची खोली मोजतात. बॅटरी पायाखाली असल्याने गाडीची जमीन उंच होते आणि मागच्या सीटवर मांडी अधांतरी राहते, हे त्यांना कुठल्याही सेल्समनच्या आधी कळलेलं असतं. स्टेपनी आहे की नुसतंच पंक्चर किट, हा प्रश्न ते टेस्ट ड्राइव्हच्या आधी विचारतात. 627 किलोमीटर हा हॅरियरचा जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, त्यातून एक चतुर्थांश वजा करावा, हेही त्यांचं म्हणणं रास्तच. ही सगळी माहिती खरी आणि उपयोगाची आहे. माझी तक्रार एवढीच, की गाडी आपल्याला परवडेल का आणि सोयीची होईल का, हे ठरवणारे दोन आकडे त्या शीटमध्ये नीट भरलेलेच नसतात. आणि ते दोन्ही कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही लाँचची वाट न बघता आज संध्याकाळी मिळण्यासारखे आहेत.

त्यातला पहिला म्हणजे वर्षाचं रनिंग. डिझेल नव्वद रुपये लिटर आणि गाडी लिटरला चौदा धरली, तर किलोमीटरला साधारण साडेसहा रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी युनिटला सहा किलोमीटर गेली आणि घरच्या मीटरवर युनिट बारा रुपयांना पडलं, तर दोन. म्हणजे किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचले. दोन्ही गाड्यांच्या किमतीत चार लाखांचा फरक धरला, तर वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे सहा वर्षांत वसूल. थांबेकरांच्या शीटमध्ये रनिंगच्या रकान्यात हाच पंधरा हजारांचा आकडा आहे, आणि सबंध शीटमध्ये खोटा आकडा तेवढाच. सर्व्हिसिंगच्या पावत्या काढून पाहिल्या तर गाडी वर्षाला जेमतेम पाच हजार चाललेली दिसते. ऑफिस आठवड्यातून तीनदा, तेही मेट्रोने. पाच हजारांच्या हिशेबाने ते चार लाख फिटायला जवळपास अठरा वर्षं लागतील. म्हणजे त्यांचाच हिशेब त्यांना प्रामाणिकपणे सांगतो आहे, की बाबा, आहे तीच डिझेल अजून पाच वर्षं पळव. हेही व्यवहारी उत्तरच आहे, आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचं उत्तर बरोबर याच्या उलट येईल. पण 'घेऊ नका' हे उत्तर आलं की वाट बघणं संपतं, म्हणून तो रकाना पंधरा हजारांवरच ठेवलेला बरा.

यावर थांबेकरांचा हुकमी प्रश्न येतो: आणि गणपतीला सावंतवाडीला कसं जायचं? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली करत ते अंतर साडेतीनशेच्या वर जातं. गाडीत माणसं भरलेली, एसी चालू आणि हायवेचा वेग. अशात बॅटरी भराभर उतरते. तरीही 75 किलोवॉट-तासांची गाडी रात्री घरी पूर्ण भरून निघाली, तर वाटेत एकदा थांबून आरामात पोचते. वीस टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत जायला तिला पंचेचाळीस युनिटं लागतात. 60 किलोवॉटच्या चार्जरवर त्याला पाऊण ते एक तास लागतो, 30 च्या चार्जरवर दीड. पाऊण तास तर हे कुटुंब वाटेत मिसळ, चहा आणि वडिलांच्या औषधांसाठी तसंही थांबतं. खरी अडचण चार्जरपुढच्या रांगेची आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुढे दोन गाड्या असल्या, तर मिसळीवर दुपारचं जेवणही तिथेच उरकावं लागेल. हा आक्षेप मला मान्य आहे. पण घरात वर्षातून एकदा पन्नास पानं उठतात म्हणून कुणी रोजचा चहा मोठ्या पातेल्यात करत नाही. त्या दोन दिवसांपुरती गाडी भाड्याने घेता येते, किंवा चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघता येतं. चाकरमानी रेल्वेच्या तिकिटासाठी याहून मोठे त्याग करतात.

राहिली बॅटरीवरच्या अविश्वासाची गोष्ट. थांबेकर मुंबईला जातात ते एसटीच्या ई-शिवनेरीने, आणि बोरघाट उतरताना ते डुलक्या घेत असतात. शहरात पीएमपीच्या विजेवरच्या बस 2019 पासून धावतायत. त्यातून ते बिनघोर हिंडतात. तीच बॅटरी स्वतःच्या नावावर होणार म्हटली की मात्र त्यांना झोप लागत नाही. तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी बदलतं, आज घेतलेली गाडी उद्या जुनी होते, हा त्यांचा मुद्दा पूर्ण खरा आहे. नेक्सॉनचीच बॅटरी चार-पाच वर्षांत 30 वरून 45 किलोवॉट-तासांवर गेली, आणि ज्यांनी सुरुवातीला घेतली त्यांना विकताना किंमत कमी आली. पण हा मुद्दा गाडी तीन वर्षांत विकणाऱ्याला लागू. थांबेकर गाडी बारा वर्षं वापरतात, आणि मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवर पहिल्या मालकाला आजीवन हमी द्यायला कंपन्यांनी सुरुवात केली आहे. बारा वर्षांनी त्यांच्याकडून गाडी घेणाऱ्याला ती डिझेल असली काय आणि विजेची असली काय, भाव सारखाच पाडून मागायचा असतो. सौ. थांबेकरांचं यावरचं मत एका वाक्यात असतं: "अहो, गाडी घ्यायची आहे, की नुसती मोजायची आहे?"

दुसरा आकडा केबलच्या लांबीचा. मीटर रूमपासून आपल्या पार्किंगच्या खांबापर्यंत किती मीटर केबल लागेल, आणि इमारतीचा मंजूर लोड किती शिल्लक आहे? घरी रात्री गाडी भरता आली तर इलेक्ट्रिक गाडीइतकी सोयीची गाडी नाही, 7.2 किलोवॉटच्या चार्जरवर मोठी बॅटरीसुद्धा दहा-अकरा तासांत भरते. घरी भरता आली नाही, तर आठवड्यातून एक संध्याकाळ कुठल्यातरी मॉलच्या तळघरात बसून काढायची तयारी हवी. घरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी परवानगी दिलेली आहे, महावितरण वेगळा मीटरही देतं. उरते ती सोसायटी. तिथे सेक्रेटरी आहेत, "आग लागली तर जबाबदार कोण?" हा प्रश्न आहे, आणि केबल ज्यांच्या स्कूटरवरून जाणार ते जोशी आहेत. थांबेकर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या टोलमाफीबद्दल अर्धा तास बोलू शकतात, इलेक्ट्रिकला 5 टक्के आणि मोठ्या डिझेलला 40 टक्के जीएसटी कसा ते समजावतात, पण सेक्रेटरींना एका पानाचा अर्ज देत नाहीत. कारण अर्जाला होय किंवा नाही असं उत्तर येऊ शकतं. येणाऱ्या गाडीकडून तसला धोका नसतो.

थांबण्यात नुकसान काय, असं ते विचारतात, आणि वरवर पाहता काहीच नाही. पण मधल्या काळात त्यांचीच शीट व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली आणि बी विंगमधल्या तिघांनी ती वाचून गाड्या घेतल्यासुद्धा. अर्ज दिले, जोशींची समजूत काढली, केबल टाकली आणि इमारतीचा शिल्लक लोड वापरून टाकला. आता चौथ्या माणसाला चार्जर हवा असेल तर सोसायटीचा लोड वाढवून घ्यावा लागेल. त्याचा खर्च तिघांनी द्यायचा, सगळ्यांनी द्यायचा की एकट्या चौथ्याने, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. थांबेकरांनी शीटमध्ये त्यासाठी नवीन रकाना घातला आहे. सध्या तो पिवळा आहे.